समूहप्रेषणाची नाडीपरीक्षा

नोंदणीकृत पत्र टपालात टाकणाऱ्या माणसाच्या हाती काही दिवसांनी पोचपावती येते. ती आली नाही तर काही तरी बिनसले आहे, एवढे तरी त्याला कळते. संगणकांच्या जाळ्यातील बहुतेक व्यवहार अशाच पोचपावतीवर चालतात. एक संगणक दुसऱ्याला मजकुराचे लहान लहान तुकडे, म्हणजे पॅकेटे, पाठवतो; दुसरा ती मिळाल्याचे कळवतो; पोच आली नाही तर पहिला तेच पॅकेट पुन्हा रवाना करतो. परंतु एकच मजकूर एकाच वेळी शेकडो ठिकाणी पोचवायचा असतो तेव्हा हा शिरस्ता मोडावा लागतो. पाठवणारा बोलत राहतो, ऐकणारे ऐकत राहतात, आणि मध्येच कोठे दुवा निखळला तर पाठवणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही. अशा जाळ्याची नाडी पाहण्यासाठी जी लहानशी साधने तयार झाली ती दिसायला अगदी सामान्य आहेत. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टंकित करावी आणि उत्तरादाखल उमटणारे आकडे वाचावेत, इतकाच त्यांचा विस्तार. मात्र ते आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत हे समजण्यासाठी प्रथम मूळ पद्धतीची ओळख करून घेणे अवश्य आहे.

या पद्धतीला ‘मल्टिकास्ट’ असे नाव आहे. मराठीत तिला समूहप्रेषण म्हणता येईल. मुंबईहून निघणाऱ्या एखाद्या मासिकाचे नागपुरात तीनशे वर्गणीदार आहेत असे समजू. तीनशे अंक तीनशे वेगवेगळ्या गाड्यांनी पाठवण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. एकच गठ्ठा नागपुरास जातो आणि तेथे सुटा होतो. समूहप्रेषणात याहून एक पाऊल पुढची काटकसर आहे, कारण येथे गठ्ठासुद्धा पाठवावा लागत नाही. एकच प्रत निघते, आणि जेथे वाट फुटते तेथे, केवळ तेथेच, तिच्या दोन प्रती होतात. दर सेकंदास 20 लक्ष बिट या वेगाने जाणारे चित्र पाचशे जणांना एकेकट्याने पाठवायचे तर पाठवणाऱ्याच्या दारातून दर सेकंदास 100 कोटी बिट बाहेर पडावे लागतील. समूहप्रेषणाने तेच काम 20 लक्ष बिटांत होते, आणि ऐकणारे पाचशेचे पाच हजार झाले तरी हा आकडा बदलत नाही.

मासिकाच्या उपमेला एक मर्यादा आहे, आणि पुढील सर्व अडचणींचे मूळ त्या मर्यादेतच आहे. मासिकाच्या संपादकाजवळ वर्गणीदारांची यादी असते. समूहप्रेषण करणाऱ्या संगणकाजवळ ती नसते. स्टीव्ह डीअरिंग या संशोधकाने स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना ही पद्धत आखली आणि ऑगस्ट 1989 मध्ये तिचे प्रमाणित रूप प्रसिद्ध झाले. त्यात पाठवणाऱ्याने केवळ एका गटाच्या पत्त्यावर पॅकेटे सोडावयाची असतात. 224.0.0.0 पासून 239.255.255.255 पर्यंतचे पत्ते याकरिता राखून ठेवले आहेत. हा पत्ता कोणा एका यंत्राचा नसतो. तो जणू एखाद्या सभेच्या नावासारखा असतो. ज्याला त्या सभेत बसायचे आहे तो संगणक आपल्या जवळच्या राउटरला तसे कळवतो. राउटर म्हणजे जाळ्याच्या नाक्यावर बसून पॅकेटांना वाट दाखवणारे यंत्र. हा राउटर पुढच्या राउटरकडे मागणी नोंदवतो, तो त्याच्या पुढच्याकडे, आणि अशा रीतीने मागणी उलट्या दिशेने उगमापर्यंत पोचून एक वृक्ष तयार होतो. यादी कोठेच एकत्र नसते. प्रत्येक राउटरला आपल्या कोणत्या बाजूस ऐकणारे आहेत एवढेच ठाऊक असते, आणि ते किती आहेत हे जाणून घेण्याची त्यालाही गरज पडत नाही.

एकामागून एक प्रती पाठवण्याचा दोष केवळ खर्चाचा आहे असे समजू नये. प्रसंगी तो न्यायाचाही प्रश्न होतो. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजने दलालांना आपल्या आवारात संगणक ठेवण्याची सोय करून दिली होती. तेथे प्रत्येक सौद्याची क्षणोक्षणीची माहिती 2014 पूर्वी पोचपावतीच्या पद्धतीने, एकेका जोडणीवर क्रमाक्रमाने दिली जात असे. ज्याची जोडणी आधी झाली त्याला माहिती आधी मिळण्याची शक्यता त्या रचनेतच होती. हे अंतर सेकंदाच्या अत्यल्प अंशाचे असते, पण जेथे संगणकच संगणकाशी सौदे करतात तेथे तेवढा अंशही मोलाचा ठरतो. सेबीने 30 एप्रिल 2019 रोजी दिलेल्या आदेशात या व्यवस्थेवर ठपका ठेवून सुमारे 625 कोटी रुपये व्याजासह भरण्यास फर्मावले. रोखे अपील न्यायाधिकरणाने जानेवारी 2023 मध्ये ही वसुली रद्द केली, मात्र पुरेशी दक्षता घेतली गेली नाही म्हणून 100 कोटी रुपये गुंतवणूकदारांच्या निधीत जमा करण्यास सांगितले. या वादाचा निकाल लागेपर्यंत बाजाराने ही माहिती समूहप्रेषणाने देण्यास आरंभ करून अनेक वर्षे लोटली होती. समूहप्रेषणात रांगच नसते. सर्वांच्या प्रती यंत्राच्या एकाच कृतीत निघतात. परंतु येथेही पोचपावती नाही. एखाद्या दलालाचे पॅकेट वाटेत हरवले तर ते आपोआप पुन्हा येत नाही, आणि त्याच्या पडद्यावरील भाव मागे पडला आहे हे बाजाराला कळत नाही. म्हणूनच अशा जाळ्यावर नजर ठेवणे ही चैन नसून नित्याची निकड असते.

साध्या, म्हणजे एकास एक चालणाऱ्या, जाळ्याची परीक्षा करण्याचे साधन फार जुने आहे. त्याचे नाव ‘पिंग’. डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील अ‍ॅबर्डीन येथे, सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस याला जाळ्यात काही तरी विचित्र बिघाड दिसू लागला. त्याचा शोध घेण्यासाठी त्याने एका संध्याकाळी सुमारे हजार ओळींचा एक कार्यक्रम लिहून काढला. पाणबुडीतील सोनार यंत्र पाण्यात ध्वनी सोडते, तो समोरच्या वस्तूवर आदळून परततो, आणि त्या प्रतिध्वनीवरून वस्तू किती दूर आहे हे समजते. त्या ध्वनीचेच नाव म्यूसने आपल्या कार्यक्रमाला दिले. दूरच्या संगणकाला ‘प्रतिध्वनी दे’ असे सांगणारे पॅकेट जाते, तो संगणक ते जसेच्या तसे परत धाडतो, आणि जाण्यायेण्यास लागलेला वेळ मिलिसेकंदांत पडद्यावर उमटतो. अशी विनंती स्वीकारून उत्तर देण्याचा संकेत 1981 मध्येच ठरला होता. म्यूसने त्याचा उपयोग करून घेतला, एवढेच. 2000 साली एका मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला तेव्हा त्याचे हे एका संध्याकाळचे काम जगातील जवळजवळ प्रत्येक संगणकावर पोचले होते.

आज्ञा-ओळीवर चालणाऱ्या साधनांचे एक वैशिष्ट्य येथेच नोंदवणे इष्ट. त्यांचे उत्तर अक्षरांत येते, त्यामुळे ते दुसऱ्या कार्यक्रमाच्या हाती सोपवता येते. एका नेटवर्क-व्यवस्थापकाची गोष्ट या क्षेत्रात आवडीने सांगितली जाते. त्याच्या इमारतीतील तारेचा एक सांधा अधूनमधून सुटत असे, पण कोणता ते समजत नव्हते. त्याने पिंगचे उत्तर बोलक्या यंत्राला जोडले, त्याचा आवाज ध्वनिवर्धकावर मोठा केला आणि दर सेकंदास ‘पिंग, पिंग’ असा घोष चालू ठेवून तो इमारतभर एकेक सांधा हलवीत फिरला. ज्या सांध्याला हात लावताच घोष थांबला तो दोषी ठरला. खिडक्या आणि चित्रे मिरवणाऱ्या एखाद्या भपकेदार कार्यक्रमाकडून ही करामत करून घेणे बरेच कठीण गेले असते.

मग पिंगलाच गटाचा पत्ता दिला तर काय होईल? विचार स्वाभाविक आहे, आणि प्रारंभीच्या काळात तो काही अंशी फळालाही येई. 224.0.0.1 हा पत्ता एका स्थानिक जाळ्यावरील सर्व यंत्रांचा आहे. त्यावर प्रतिध्वनी मागितला की सगळी यंत्रे एका सुरात उत्तर देत. पण 1990 नंतरच्या दशकात काही उपद्रवी लोकांनी या सौजन्याचा गैरफायदा घेतला. दुसऱ्याच कोणाचा पत्ता स्वतःचा म्हणून लिहायचा आणि शेकडो यंत्रांना प्रतिध्वनी मागायचा. सर्व उत्तरे त्या निरपराध माणसाच्या दारात जाऊन थडकत. तेव्हापासून बहुतेक संगणक अशा सामूहिक विनंतीला उत्तर न देण्याच्या बेतानेच बनवले जातात, आणि 1989 च्या प्रमाणसंहितेने त्यांना तशी मुभाही दिलेली आहे. त्यामुळे गटाच्या पत्त्यावरून उत्तर आले नाही तर दुवा तुटला आहे की सारेच मौन पाळून आहेत, हे ओळखता येत नाही. याहून मोठी उणीव दुसरी आहे. उत्तर आलेच तरी ते समूहप्रेषणाने येत नाही. ते एकास एक अशा साध्या वाटेने परतते. जाण्याची वाट निराळी, येण्याची निराळी; मग हरवले ते कोठे, याचा निर्णय कसा करणार?

हा प्रश्न प्रथम तीव्रतेने जाणवला तो ‘एमबोन’च्या काळात. मार्च 1992 मध्ये सॅन डिएगो येथे इंटरनेटची प्रमाणे ठरवणाऱ्या अभियंत्यांची सभा भरली होती. स्टीव्ह कॅसनर आणि डीअरिंग यांनी त्या सभेतील भाषणे समूहप्रेषणाने तीन खंडांतील 20 ठिकाणी ऐकवली. त्या वेळच्या नेहमीच्या राउटरांना समूहप्रेषण येत नव्हते. म्हणून काही संगणकांनाच ते शिकवून, त्यांची पॅकेटे साध्या पॅकेटांच्या पोटात दडवून, एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नेली जात. या पोटातल्या वाटांना बोगदे म्हणत, आणि बोगद्यांनी जोडलेल्या या जाळ्याचे नाव एमबोन. 18 नोव्हेंबर 1994 रोजी डलास येथील रोलिंग स्टोन्सच्या मैफलीचा काही भाग याच जाळ्यावरून गेला. आवाज तुटक, चित्र अडखळणारे. पण बिघाड कोणत्या बोगद्यात आहे हे सांगायला मात्र कोणी नव्हते. प्रत्येक केंद्राचा चालक शेजारच्या केंद्राकडे बोट दाखवी.

यावर जे साधन निघाले त्याचे नाव ‘एमट्रेस’. त्याची कल्पना व्हॅन जेकबसन याने कॅसनर, डीअरिंग आदी सहकाऱ्यांच्या साहाय्याने आखली, पहिला नमुना अजित त्यागराजन याने लिहिला आणि कॅसनरने त्याला पूर्ण रूप दिले. या साधनातील मुख्य युक्ती अशी की ते उगमापासून ऐकणाऱ्याकडे न जाता ऐकणाऱ्यापासून उगमाकडे चालते. याचे कारण सोपे आहे. बुंध्यापासून निघालेल्या मुंगीला एखाद्या विशिष्ट पानापर्यंत पोचायचे असेल तर प्रत्येक फाट्यावर कोणती फांदी धरावी हा प्रश्न पडतो. पानावरून खाली निघालेल्या मुंगीला असा प्रश्न पडत नाही. खाली जाणारी वाट एकच असते. समूहप्रेषणाचा वृक्षही असाच उलट्या वाटेने वाढलेला असतो. राउटर एखादे पॅकेट स्वीकारताना, आपण स्वतः उगमाकडे जायला निघालो असतो तर ज्या बाजूने गेलो असतो त्याच बाजूने ते आले आहे ना, हे पाहतो. भलत्याच बाजूने आलेले पॅकेट तो टाकून देतो.

एमट्रेसची विचारणा ऐकणाऱ्याच्या राउटरपासून सुरू होते आणि वाटेतील प्रत्येक राउटर तिच्या शेपटीला आपली नोंद जोडतो: पॅकेट कोणत्या बाजूने आत येते, कोणत्या बाजूने बाहेर जाते, या गटाची किती पॅकेटे आजवर पुढे धाडली, आणि धाडत नसल्यास कारण काय. उगमाजवळचा राउटर ही सारी साखळी परत पाठवतो. काही सेकंदांनी हीच विचारणा पुन्हा करून दोन वेळच्या आकड्यांची वजाबाकी केली की कोणत्या दोन राउटरांच्या मध्ये किती पॅकेटे गळाली हे समजते. शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय यामुळे संपली, असे म्हणावयास हरकत नाही. या साधनाच्या दुसऱ्या आवृत्तीचा संकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र एमट्रेस राउटरांच्या मर्जीवर अवलंबून असतो. वाटेतला एखादा राउटर जुना असला, किंवा त्याच्या मालकाने अशा चौकशांना उत्तर देण्यास मनाई केली असली, की साखळी तेथेच तुटते.

राउटरांना काही न विचारता केवळ दोन टोकांवरून परीक्षा करता येईल का? नॉर्वेतील विद्यापीठांचे जाळे चालवणाऱ्या संस्थेत काम करीत असताना स्टिग वेनोस याने लिहिलेल्या ‘एसएसएमपिंग’ या साधनात याचे उत्तर सापडते. त्यामागील संकेत डिसेंबर 2011 मध्ये प्रमाणरूपाने प्रकाशित झाला. त्याची रचना इतकी साधी आहे की ती आधी कोणास कशी सुचली नाही याचे नवल वाटावे. एका टोकाला उत्तर देणारा कार्यक्रम सतत चालू ठेवावयाचा. दुसऱ्या टोकाचा संगणक प्रथम एका गटात सामील होतो आणि मग दर सेकंदास एक साधे, एकास एक असे विचारणेचे पॅकेट पाठवतो. उत्तर देणारा प्रत्येक विचारणेला दोनदा उत्तर देतो: एकदा साध्या वाटेने, आणि एकदा त्या गटाच्या पत्त्यावर समूहप्रेषणाने. दोन्ही उत्तरांवर क्रमांक तोच असतो. विचारणाऱ्याच्या पडद्यावर दोन ओळी जोडीने उमटत जातात आणि दोहोंची तुलना हाच निदानाचा पाया होतो.

वैद्य दोन्ही हातांच्या नाड्या पाहतो, तसाच हा प्रकार आहे. दोन्ही उत्तरे आली नाहीत तर दोष समूहप्रेषणाचा नव्हे. समोरचा संगणक बंद आहे किंवा वाटेतील पहारेकरी यंत्राने पॅकेटे अडवली आहेत. साधे उत्तर येते पण गटाचे येत नाही, तर वृक्ष उभाच राहिलेला नाही. दोन्ही येतात पण गटाच्या ओळींत मधले क्रमांक गाळलेले दिसतात, तर वृक्षाच्या एखाद्या फांदीवर गळती आहे. या तुलनेत आणखी एक बारकावा दडलेला आहे. प्रत्येक पॅकेटाला आयुर्मर्यादेचा एक आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. निघताना हा आकडा किती होता हे उत्तर देणारा पॅकेटातच लिहून पाठवतो. त्यामुळे वाटेत किती राउटर लागले हे वजाबाकीने कळते. साध्या उत्तराचे अंतर 7 आणि गटाच्या उत्तराचे 11 असे दिसले तर समूहप्रेषणाची पॅकेटे वळसा घालून येत आहेत, हे दुसऱ्या कोणत्याही पुराव्याशिवाय सिद्ध होते. गटाच्या पद्धतीचा एक जुना प्रकार आहे, ज्यात पॅकेटे प्रथम एका ठरलेल्या संकेतस्थानी जातात आणि मागाहून जवळची वाट धरतात. त्याच्यासाठी वेगळे भावंड-साधन आहे, ‘एएसएमपिंग’. त्यात परीक्षा चालू असतानाच अंतराचा आकडा बदललेला पाहावयास मिळतो आणि वाट बदलण्याचा तो क्षण डोळ्यांसमोर घडतो.

नवशिक्या माणसाला या पडद्यावरील पहिल्या काही ओळी घाबरवतात. साधी उत्तरे ताबडतोब येऊ लागतात, पण गटाचे पहिले उत्तर बऱ्याचदा उशिरा येते. हा दोष नव्हे. मागणी एका राउटरकडून दुसऱ्याकडे जात उगमापर्यंत पोचून वृक्ष उभा राहण्यास तेवढा अवधी लागतोच. म्हणूनच एसएसएमपिंग शेवटी गळतीचे दोन वेगवेगळे हिशेब देतो: एक आरंभापासूनचा आणि दुसरा गटाचे पहिले पॅकेट हाती आल्यानंतरचा. पहिला आकडा मोठा आणि दुसरा शून्य असेल तर जाळे निरोगी आहे, फक्त उठायला थोडे सुस्त. दोन्ही आकडे मोठे असतील तर पुढील शोध घ्यावा लागतो.

पुढील शोधात वारंवार हाती लागणारे दोष मोजकेच आहेत, आणि त्यांतील काही अगदी क्षुल्लक. समूहप्रेषणाच्या पॅकेटाची आयुर्मर्यादा, वेगळे सांगितले नाही तर, एक असते. असे पॅकेट पहिल्याच राउटरच्या उंबऱ्यावर प्राण सोडते. कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या टेबलावर दोन संगणक शेजारी शेजारी असतात, तेथे सारे सुरळीत चालते. कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर मात्र काहीच पोचत नाही, आणि बिचाऱ्या जाळ्याला बोल लागतो.

परीक्षेसाठी निवडलेला पत्तासुद्धा फसवू शकतो. स्थानिक जाळ्यातील पत्ता आणि इंटरनेटचा पत्ता यांची सांगड घालताना गटाच्या पत्त्यातील 28 बिटांपैकी केवळ 23 बिट घेतले जातात, त्यामुळे 32 निरनिराळ्या गटांना स्थानिक जाळ्यावर एकच पत्ता मिळतो. यामागची कथा सांगतात ती अशी: डीअरिंगला सर्व 28 बिट सामावून घेण्यासाठी पत्त्यांचे 16 संच हवे होते, पण प्रत्येक संचाची किंमत हजार डॉलर होती. त्याच्या हाती अखेर एका संचाचा अर्धा भाग पडला, तो जॉन पोस्टेल यांनी आपल्या संचातून काढून दिलेला. त्या काटकसरीचे परिणाम चाळीस वर्षांच्या सुमारासही भोगावे लागत आहेत. 224.0.0 ने सुरू होणारी पॅकेटे स्विच नावाची यंत्रे सर्वांकडे सरसकट पाठवतात, कारण ती जाळ्याच्या स्वतःच्या कारभाराची असतात. 239.0.0.5 हा गट स्थानिक जाळ्यावर 224.0.0.5 सारखाच दिसतो. म्हणून तो निवडणाऱ्याची परीक्षा अनेक स्विचांवर विनाकारण उत्तीर्ण होते आणि खरा गट सुरू करताच निकाल उलटतो.

पण सर्वांत कपटी दोष निराळाच आहे. स्विच हे यंत्र मुळात समूहप्रेषणाची पॅकेटे सर्व दारांतून बाहेर सोडत असे. ही उधळपट्टी थांबवण्यासाठी नव्या स्विचांना कानोसा घेण्याची विद्या दिली गेली: कोणत्या दारामागून गटात सामील होण्याची मागणी आली ते ऐकायचे आणि त्याच दारातून पॅकेटे सोडायची. ही नोंद कायमची नसते. राउटरने दर 125 सेकंदांनी ‘कोणाला कोणता गट हवा आहे?’ असे सर्वांना विचारायचे, ऐकणाऱ्यांनी उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तराने नोंद ताजी व्हायची, असा नियम आहे. दोन वेळा विचारूनही उत्तर आले नाही तर, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने 260 सेकंदांनी, नोंद पुसली जाते. आता ज्या लहान जाळ्यात राउटरच नाही, फक्त स्विच आहेत, तेथे काय होते पाहा. संगणक गटात सामील होताना आपण होऊन एकदा मागणी करतो. स्विच ती ऐकतो. पॅकेटे वाहू लागतात. परंतु त्यानंतर विचारणारे कोणीच नसते. न विचारता संगणक पुन्हा सांगत नाही. चार-सव्वाचार मिनिटे सारे उत्तम चालते, आणि मग कोणतीही तार न तुटता, कोणताही दिवा न विझता, प्रवाह थांबतो.

व्यवस्थापकाने मिनिटभर परीक्षा घेतली असेल तर तो समाधानाने घरी गेलेला असतो. याची किंमत किती मोठी असू शकते हे संगणकांच्या ‘क्लस्टर’ व्यवस्थेत दिसते. बँकेचे किंवा रुग्णालयाचे काम एकाच यंत्रावर विसंबू नये म्हणून दोन-तीन यंत्रे जोडून ठेवतात. ती एकमेकांना सतत ‘मी जागा आहे’ असे कळवत असतात, आणि हा निरोप बरीच वर्षे प्रामुख्याने समूहप्रेषणाने जाई. निरोप थांबला की प्रत्येक यंत्र आपला जोडीदार मेला असे धरून चालते. दोघेही एकाच वेळी स्वतःला वारस ठरवून एकाच तबकडीवर लिहू लागले तर हिशेबाच्या वह्या कायमच्या नासतात. ते टाळण्यासाठी एक यंत्र दुसऱ्याची वीजच तोडून टाकते, असा बंदोबस्त केलेला असतो. म्हणजे दोन धडधाकट यंत्रे, केवळ एका स्विचने नोंद पुसल्यामुळे, एकमेकांवर उठतात.

या व्यवस्थेसाठी ‘ओएमपिंग’ नावाचे साधन बनले. त्यात उत्तर देणारा आणि विचारणारा असा भेद नाही. प्रत्येक यंत्रावर एकच आज्ञा द्यायची, तिच्यापुढे सर्व यंत्रांची नावे लिहायची, आणि मग प्रत्येक यंत्र इतर प्रत्येकाची दोन्ही वाटांनी परीक्षा घेते. अनुभवी लोक ही आज्ञा एका सेकंदाच्या अंतराने सहाशे वेळा, म्हणजे दहा मिनिटे, चालवतात. 260 सेकंदांचा उंबरठा निर्विवाद ओलांडला जावा हा त्यातील हेतू. साधी उत्तरे शेवटपर्यंत सहाशेपैकी सहाशे आणि गटाची उत्तरे सुमारे अडीचशेवर येऊन थांबलेली दिसली, की विचारणारे कोणी नाही हे निदान जवळजवळ निश्चित होते. उपाय दोनच आहेत. एखाद्या स्विचलाच विचारणाऱ्याची भूमिका द्यावी, किंवा त्याचे कानोसा घेणे बंद करावे. पहिला अधिक शहाणपणाचा. दुसरा घाईच्या रात्री केला जातो आणि सकाळी विसरला जातो.

अशा साधनांचे क्षेत्र आता पालटले आहे. क्लस्टरच्या प्रचलित कार्यक्रमांपैकी ‘कोरोसिंक’च्या तिसऱ्या आवृत्तीने 2018 मध्ये साध्या, एकास एक निरोपांनाच अग्रक्रम दिला. सर्व जगाला एका वृक्षात गुंफण्याचे एमबोनचे स्वप्नही मागे पडले. ऑगस्ट 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशीनुसार निरनिराळ्या संस्थांच्या जाळ्यांमधून जाणाऱ्या समूहप्रेषणात कोणीही पाठवावे असा मोकळा प्रकार वापरू नये, उगम ठरवून घेतलेलाच प्रकार वापरावा. एसएसएमपिंग ज्या प्रकारासाठी लिहिला गेला तो हाच. शेअर बाजारांचे भाव, तारांवरून घरोघर येणारी दूरचित्रवाणी, चित्रवाणी कलागृहांतील कॅमेऱ्यांचे प्रवाह अशा बंदिस्त जाळ्यांत समूहप्रेषण जोमाने चालू आहे, आणि तेथे दर मिनिटास एकदा परीक्षेची आज्ञा देऊन तिचे उत्तर वेळेसह एका फाइलीत उतरवून ठेवण्याची रीत आहे. रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी गटाची उत्तरे थांबली आणि एकोणीस मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, असे त्या फाइलीवरून दिसते. मग त्याच दोन मिनिटांत कोणत्या राउटरची दुरुस्ती चालली होती, हे विचारता येते.